कॅन्सर नसलेल्या यकृत-स्वादुपिंडाच्या रुग्णांसाठी एमडीटी कशी चालवावी

एमडीटी म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून रुग्णाचा निर्णय करण्याची बैठक. तिची पहिली अट वेळेची. कॅन्सरच्या बैठकीच्या शेपटाला या केसेस जोडू नका. तोवर रेडिओलॉजिस्ट उठून गेलेला असतो आणि ‘बिनाईन आहे, बघू नंतर’ म्हणत सगळे फायली मिटतात. मी या शाखेची सर्जन आहे, अशी बैठक चालवते, आणि वेगळ्या वेळेचा हट्ट सोडत नाही. नेक्रोटायझिंग पँक्रियाटायटिसने (स्वादुपिंडाला सूज येऊन त्याचा भाग मरतो) माणूस दगावतो; त्याला साधा आजार कोण म्हणेल?

सर्जन, ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांवर उपचार) आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीतून आतून सोनोग्राफी) करणारा गॅस्ट्रोएंटरोलॉजिस्ट, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत सुई-नळी घालणारा) हे तिघे नसतील तर बैठक पुढे ढकला. क्रॉनिक पँक्रियाटायटिसच्या (स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेच्या) दिवशी डायटिशियन हवीच. पचनाच्या एन्झाइमच्या गोळ्या जेवणासोबत घेतल्या जातात का, हे तिच्याइतकं नीट कोणी विचारत नाही.

फॉर्मवर एका ओळीत प्रश्न लिहायला लावा. ‘मत द्यावे’ एवढंच लिहून आलेला फॉर्म मी परत पाठवते. ‘पाचवा आठवडा, ताप उतरत नाही, कलेक्शनला भिंत आली आहे का, ड्रेन जठरातून की कातडीतून?’ असं विचारलं की उत्तर मिळतं. (कलेक्शन म्हणजे स्वादुपिंडाभोवती साठलेला द्रव आणि मेलेला भाग, ड्रेन म्हणजे तो बाहेर काढणारी नळी.) आठवडे दुखणं सुरू झाल्यापासून मोजा, भरती झाल्यापासून नव्हे. दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेल्या रुग्णात इथे हमखास घोळ होतो. स्कॅन आदल्या दिवशी रेडिओलॉजिस्टकडे पोचवा. नुसत्या रिपोर्टवर चर्चा करू नका.

खरा वाद ‘केव्हा’ यावर होतो, आणि तो होऊ द्यावा. नेक्रोसिसला (मेलेल्या भागाला) भिंत धरायला साधारण 4 आठवडे लागतात. 2021 च्या पॉइंटर चाचणीत संसर्ग झालेल्या नेक्रोसिसचा ड्रेन लगेच टाकून गुंतागुंत कमी झाली नाही. थांबवलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं अँटिबायोटिकवरच भागलं. क्रॉनिक पँक्रियाटायटिसमध्ये घाई-उशिराचं गणित उलटं. स्वादुपिंडाची नळी फुगलेली आहे आणि दुखणं थांबत नाही, अशा रुग्णाचे स्टेंटमागून स्टेंट (नळी उघडी ठेवणाऱ्या छोट्या नळ्या) बदलण्याआधी सर्जनला विचारा. 2020 च्या एस्केप चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं एंडोस्कोपीपासून सुरुवात केलेल्यांपेक्षा कमी होतं. हे सर्जन म्हणून मी सांगतेय, तेव्हा माझा कल धरूनच वाचा.

यकृतातल्या गाठींच्या केसेस भराभर उरकतात. हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) किंवा एफएनएच (यकृताच्याच पेशींची निरुपद्रवी गाठ) नक्की असेल आणि त्रास नसेल, तर ‘काही करायचं नाही’ हा पूर्ण निर्णय आहे. तो रुग्णाला लेखी द्या, नाहीतर तो दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत फिरतो. अॅडिनोमा मात्र जपून; ही गाठही कॅन्सर नसते, पण तिच्याकडे दुर्लक्ष नको. बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर त्या बंद करून 6 महिन्यांनी एमआरआय. तरीही 5 सेंटिमीटर किंवा मोठा राहिला, वाढत असला, तर शस्त्रक्रिया. पुरुषात अॅडिनोमा असेल तर आकार न बघता. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आणि कावीळ असली तरी व्हिपलची (स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेची) तारीख देण्याआधी एकाने तरी विचारायचं: ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने आलेली सूज) असू शकेल का, रक्तातलं आयजीजी-4 पाहिलं का?

रुग्ण खोलीत नसतो. म्हणून त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या डॉक्टरला विचारा, त्याला स्वतःला काय हवंय. कोणी भेटलंच नसेल, तर निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवा.

निर्णय तिथल्या तिथे स्क्रीनवर टाइप करून मोठ्याने वाचा. काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत आणि रुग्णाला फोन कोणाचा. ‘फॉलोअप’ एवढंच लिहू देऊ नका. मतभेद असले तर तेही नोंदवा.

आणि स्टेंटची वेगळी यादी ठेवा. स्वादुपिंडातलं कलेक्शन रिकामं करायला जठरातून टाकलेला धातूचा स्टेंट काम झाल्यावर राहून गेला, तर रक्तस्राव होऊ शकतो. तो टाकतानाच सुमारे 4 आठवड्यांनंतरच्या सीटीची आणि काढण्याची तारीख त्या यादीत लिहा, आणि दर बैठकीत नव्या केसला हात लावण्याआधी ती यादी वाचा.