ठासणीच्या सहाबारीसाठी शिशाच्या गोळ्या घरी कशा ओताव्यात

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोल्ट कंपनीचं रिव्हॉल्व्हर पेटीसकट घेतलं, की पेटीत पिस्तुलाशेजारी बंदुकीच्या दारूची कुपी आणि पक्कडीसारखा दिसणारा छोटा साचा असायचा. साच्यात दोन पोकळ्या असत, एक गोल गोळीची आणि एक टोकदार गोळीची. गोळ्या ज्याच्या त्याने ओतायच्या, हे तेव्हा गृहीतच होतं. त्या काळच्या पिस्तुलांच्या नकला आज इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया गावात आणि आसपास बनतात, अमेरिकेत हौसेने विकल्या जातात, आणि त्यांच्या मालकांपैकी बरेच जण अजूनही गोळ्या घरीच ओततात. मी त्यांतलाच एक. माझ्याकडे कोल्टच्या १८६० च्या ‘आर्मी’ नमुन्याची .४४ मापाची नक्कल आहे. ही ठासणीची सहाबारी. हिला काडतूस लागत नाही. फिरकीतल्या, म्हणजे सहा खाचांच्या फिरत्या नळकांड्यातल्या, प्रत्येक घरात आधी काळी दारू, मग वरून गोळी, आणि नळीखालच्या दांड्याने ती ठासायची.

आधी कायद्याचं सांगतो. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्याने अशा ठासणीच्या नकला ‘पुरातन’, म्हणजे त्या कायद्याच्या ‘बंदुकी’च्या व्याख्येबाहेरच्या, धरल्या आहेत, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते पाहून घ्या. भारतात मात्र परवान्याशिवाय हे करताच येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याबरोबर त्याचे भाग आणि तो बनवायची साधनंही येतात. तेव्हा सुट्टीत गावी जाताना मामेभावाला दाखवायला म्हणून साचा बॅगेत टाकू नका.

शिसं निवडताना

या पिस्तुलाला शुद्ध, मऊ शिसंच लागतं. कारण गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते. .४४ च्या नकलांना बहुधा ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची गोळी चालते. रुगर कंपनीच्या ‘ओल्ड आर्मी’ पिस्तुलाला ०.४५७ ची. ठासताना घराच्या काठावर शिशाची बारीक कडी तासून निघते, अगदी चकलीच्या तुकड्यासारखी. ती अखंड निघाली की समजायचं, गोळी घट्ट बसली. सैल गोळी दोन तऱ्हेने घात करते. शेजारच्या घराची ठिणगी तिच्या कडेने आत शिरू शकते, किंवा बार उडाल्यावर धक्क्याने ती पुढे सरकते आणि फिरकी अडते. शिसं कडक असेल तर कडी निघतच नाही, आणि जोर लावून लावून ठासायचा दांडा वाकतो.

जुने नळ, छपराचे पत्रे, क्ष-किरण खोलीच्या भिंतीतले पत्रे, यांतलं शिसं सहसा मऊ असतं. नखाने ओरखडा उठतो, कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ येते, फरशीवर टाकलं तर ‘थड्’ वाजतं. खणखणलं तर त्यात शिसं कडक करणारं अँटिमनी आहे. चाकांना लावायची वजनं याच कारणाने नकोत, शिवाय हल्ली त्यांतली बरीच जस्ताची असतात. आणि गाडीच्या बॅटरीतलं शिसं कितीही फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्यातल्या आर्सेनिक आणि अँटिमनीपासून जीवघेणे वायू तयार होऊ शकतात.

जागा आणि अंगावरचे कपडे

जागा उघडी हवी, पण छपराखालची. वारा पाठीकडून यावा. पायांत चामड्याचे बूट, लांब पँट, सुती पूर्ण बाह्या, जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. नायलॉनचं काही नको, ते वितळून कातडीला चिकटतं.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि साधारण ४०० ला ओततात. उकळायला त्याला १,७०० अंशांच्याही वर जावं लागतं, म्हणून ओतताना वाफेची भीती लोकांना वाटते तेवढी नसते. खरी भीती मळीच्या, म्हणजे वितळल्या शिशावर तरंगणाऱ्या मैल्याच्या, राखाडी भुकटीची. ती बोटांवर बसते, बोटांवरून तोंडात जाते. म्हणून काम चालू असताना चहा नाही, बिस्कीट नाही, मिशीला हात नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या बाजूला फिरकायलाही नकोत. भांडं आणि पळी एकदा शिशाला वापरली की स्वयंपाकघरात परत जायची नाहीत.

दुसरा शत्रू पाणी. एका हिवाळी सकाळी बाहेरच्या शेडमधून आणलेली शिशाची वीट मी तशीच भरल्या भांड्यात सोडली. तिच्यावर दव धरलेलं होतं, मला दिसलं नाही. फट्ट आवाज झाला आणि शिशाचे थेंब छताला जाऊन चिकटले. चष्मा होता म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून प्रत्येक वीट आधी भांड्याच्या काठावर तापवतो, मगच आत सोडतो. घामाचा थेंबही भांड्यात पडू देऊ नये.

वितळवणं

थर्मोस्टॅट असलेलं विजेचं भांडं सोयीचं पडतं. माझं चार-पाच किलो शिसं मावणारं आहे. भंगार पहिल्यांदा वितळवताना तापमान ४०० च्या आतच ठेवा. जस्त ४१९ अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे चुकून आलेला जस्ताचा तुकडा वर तरंगतो आणि पळीने उचलता येतो. एकदा का तो विरघळला, की ते शिसं या कामातून गेलं.

सगळं पातळ झालं की वाटाण्याएवढं मधमाशांचं मेण टाका आणि ढवळा. धूर येईल, कधी भपकन जाळही येईल, तोंड लांब ठेवा. मेणामुळे मळी सुटून वर येते. ती पळीने काढून झाकणाच्या डब्यात टाका. खाली राहिलेलं शिसं आरशासारखं चकाकतं. आमच्या आळीत कल्हईवाला यायचा, तेव्हा पातेल्यात कथील फिरताना जी झळाळी दिसे, तीच ही.

ओतणं

नवा साचा आधी साबणाने धुऊन खडखडीत कोरडा करा. तेलाचा अंश राहिला तर गोळ्यांना सुरकुत्या पडतात. मग काडी पेटवून पोकळ्यांना आतून काजळी धरा, गोळी सुटायला मदत होते.

आता साचा तापवायचा. ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात अर्धा मिनिट बुडवा. बाहेर काढल्यावर कोपऱ्याला शिसं चिकटून आलं तर साचा अजून थंड आहे. लोखंडी साचा भांड्याच्या काठावर किंवा शेगडीवर सावकाश तापू द्या.

पळी भरून साच्यावरच्या पट्टीच्या भोकातून एका दमात ओता, आणि वर थोडं शिसं साचू द्या. गोळी निवताना आकसते, तेव्हा तिला या साठ्यातलं शिसं मिळतं. साठा कमी पडला तर गोळीच्या पोटात पोकळी राहते. वरचं शिसं आधी चकाकतं, मग एकदम मंद होतं. त्यानंतर मनात चार-पाच आकडे मोजा आणि लाकडी दांडक्याने पट्टीला टोला द्या. लोखंडी हातोडी कधीच नको. वर साचलेल्या शिशाचा देठ कापला जातो. साचा उघडा, गोळी जाड टॉवेलवर पडू द्या. शुद्ध शिसं इतकं मऊ असतं, की फरशीवर पडलं तरी पोचा येतो. काही जण पाण्यात टाकतात, पण शुद्ध शिसं त्याने कडक होत नाही आणि तापल्या भांड्याशेजारी पाण्याची बादली येऊन बसते. मला तो उद्योग पटत नाही.

पहिल्या दहा-पंधरा गोळ्या बिघडणारच, त्या वितळायला परत टाका. सुरकुत्या दिसल्या तर साचा थंड आहे, भरभर ओता. गोळी पांढुरकी, दहिवर पडल्यासारखी आली, किंवा कापताना देठ फराटला, तर साचा फार तापलाय, जरा थांबा. हे सारखं आलटूनपालटून होत राहतं. तापमापक शिशाची उष्णता सांगतो, साच्याची नाही. ती हाताच्या लयीतून राखावी लागते, आणि लय बसली की तासाभरात शंभरेक गोळ्या सहज होतात. मध्येच फोन घेतला की साचा निवतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

निवड

गोळ्या निवल्या की वजन करा. ०.४५४ इंचाची शुद्ध शिशाची गोळी सुमारे १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास भरते, एका किलोत शंभराच्या वर गोळ्या होतात. तुमच्या साच्याचं नेमकं वजन किंचित वेगळं येईल, म्हणून ढीगभर गोळ्यांचा आकडा आधी पाहून घ्या. त्यापेक्षा दोन-तीन ग्रेनने हलकी भरली तर आत पोकळी आहे, ती परत भांड्यात. भरताना देठाची चपटी खूण वर, नळीच्या दिशेला ठेवायची, तिरकी बसली तर नेम चुकतो.

चांगल्या गोळ्या झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी. मळीचा डबा घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यायचा, अंगणातल्या मातीत किंवा घरच्या कचऱ्यात नाही. टेबल ओल्या फडक्याने पुसा. झाडलं तर भुकटी उडते. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवायला टाका, बूट दाराबाहेरच राहू द्या. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. मी घेतो.