खुब्याच्या फ्रॅक्चरचे वर्गीकरण : एक्स-रे वाचताना या चुका टाळा

खुब्याच्या फ्रॅक्चरचा प्रकार ठरवताना दोन डॉक्टरांत मतभेद झाले, की दोष बहुधा वर्गीकरणाच्या पद्धतीच्या माथी मारला जातो. गार्डनची (मानेच्या फ्रॅक्चरचे चार प्रकार करणारी) पद्धत पाहणाऱ्यागणिक बदलते, एओ या आंतरराष्ट्रीय गटाची (अंक आणि अक्षरांचे संकेत देणारी) पद्धत फार किचकट आहे, ही वाक्ये हमखास ऐकू येतात आणि त्यांत तथ्यही आहे. तरीही चुकलेले वर्गीकरण पुन्हा तपासायला बसले, की घोळ बऱ्याचदा त्याच्याही आधी, म्हणजे फिल्म घेताना किंवा कोणत्या फिल्मवर विसंबायचे हे ठरवताना, झालेला आढळतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बाहेर वळलेल्या पायाची फिल्म

समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये फीमरची (मांडीच्या हाडाची) मान पूर्ण लांबीची दिसायची असेल, तर पाय साधारण १५ ते २० अंश आत वळवलेला असावा लागतो, कारण ही मान शाफ्टच्या (हाडाच्या लांब दांड्याच्या) तुलनेत मुळातच थोडी पुढे झुकलेली असते. मोडलेला पाय मात्र आखूड होऊन बाहेर वळतो आणि वेदनेमुळे रुग्ण त्याला हात लावू देत नाही. परिणामी जी फिल्म हाती येते, तिच्यात लेसर ट्रोकॅन्टर (मानेखालचा लहान उंचवटा) आतल्या बाजूला ठळकपणे बाहेर आलेला दिसतो, मान आखडलेली दिसते आणि ग्रेटर ट्रोकॅन्टरची (बाहेरच्या मोठ्या उंचवट्याची) सावली तिच्यावर चढून बसते. फ्रॅक्चरची रेघ त्या सावलीत हरवली, की मानेच्या तळाशी असलेले फ्रॅक्चर मानेच्या मध्यातले वाटू लागते, किंवा त्याच्या उलट.

हा फरक किरकोळ नाही. मानेचे फ्रॅक्चर सांध्याच्या आवरणाच्या आत असते, तेथे फीमरच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तुटण्याचा आणि पुढे डोके निर्जीव होण्याचा धोका असतो. ट्रोकॅन्टरचे फ्रॅक्चर आवरणाबाहेर असते आणि तेथे मुख्य प्रश्न स्थैर्याचा असतो. मानेच्या तळाचे फ्रॅक्चर एओच्या पद्धतीत मानेच्या गटात, ३१बी३ म्हणून, नोंदवले जात असले, तरी ते यांत्रिकदृष्ट्या बरेचसे ट्रोकॅन्टरच्या फ्रॅक्चरसारखे वागते. त्यामुळे शंका असेल तेव्हा, वेदना पुरेशी आटोक्यात आणून किंवा भूल दिल्यानंतर, पाय हलक्या हाताने ओढून आणि आत वळवून आणखी एक फिल्म घ्यावी. हाडाचे तुकडे एकमेकांत रुतलेले आहेत असे दिसत असताना मात्र ही ओढाताण करू नये.

पॉवेल्सचा कोन याच कारणाने चुकतो. १९३५ च्या या पद्धतीत मानेतील रेघेचा आडव्या रेषेशी होणारा कोन मोजतात : ३० अंशांपर्यंत पहिला प्रकार, ३० ते ५० दुसरा आणि ५० च्या पुढे तिसरा. पाय वळलेला किंवा फाकलेला असताना फिल्मच्या कडेला समांतर आडवी रेषा धरून हा कोन मोजला, तर आकडा नेमका दिसतो, पण त्याला अर्थ उरत नाही. शाफ्टच्या अक्षाला लंब रेषा काढून तिच्याशी कोन मोजावा, म्हणजे निदान पायाच्या ठेवणीचा परिणाम कमी होतो.

गार्डन ४ चा चकवा

गार्डनने १९६१ मध्ये मांडलेले चार प्रकार (१ अपूर्ण, २ पूर्ण पण न सरकलेले, ३ काहीसे सरकलेले, ४ पूर्ण सरकलेले) सर्वांना पाठ असतात, पण त्यांचा आधार असलेल्या हाडातील जाळीच्या रेषा फार थोडे जण पाहतात. तिसऱ्या प्रकारात डोके अजून मानेला काहीसे जोडलेले असल्यामुळे ते फिरते आणि त्यातील रेषा श्रोणीच्या खोबणीतील रेषांशी जुळत नाहीत. चौथ्या प्रकारात डोके पूर्ण सुटते आणि खोबणीत आपल्या मूळ जागी स्थिरावते, त्यामुळे रेषा पुन्हा जुळलेल्या दिसतात. नवख्या डोळ्याला हे जुळणे आश्वासक वाटते आणि सर्वांत जास्त सरकलेले फ्रॅक्चर सौम्य म्हणून नोंदवले जाते. खोबणी आणि डोके यांच्यापुरते न पाहता, डोके आणि मान यांचे नाते पाहिले, तर ही फसगत होत नाही.

माझे मत विचाराल, तर १ की २, किंवा ३ की ४, यावर वेळ घालवू नये. चार प्रकारांवर पाहणाऱ्यांचे एकमत कमी होते. सरकलेले आणि न सरकलेले या दोनच गटांवर ते बरेच चांगले होते, आणि उपचाराचा मुख्य निर्णयही याच दोन गटांवर ठरतो.

मात्र ‘न सरकलेले’ हा शिक्का केवळ समोरच्या फिल्मवरून मारणे ही दुसरी मोठी चूक आहे. गार्डनची पद्धत समोरच्या फिल्मवर बेतलेली आहे आणि त्या फिल्ममध्ये डोके मागे कलंडलेले कळत नाही. बाजूच्या फिल्मवर मानेच्या अक्षाच्या तुलनेत डोके २० अंश किंवा त्याहून जास्त मागे कलंडलेले असेल, तर स्क्रू घालून केलेले जोडकाम फसण्याचा धोका वाढतो, मग समोरून ते कितीही नीटनेटके दिसो. बाजूची फिल्म नीट आली नाही म्हणून ती बाजूला ठेवणे सोयीचे असते. ती पुन्हा घेणेच योग्य.

ट्रोकॅन्टर : बाहेरची भिंत आणि उलटी रेघ

एओच्या २०१८ च्या सुधारित पद्धतीत ट्रोकॅन्टरच्या फ्रॅक्चरच्या ३१ए१ (साधे, बाहेरची भिंत शाबूत) आणि ३१ए२ (अनेक तुकड्यांचे, भिंत कमकुवत) यांतील सीमा बाहेरच्या भिंतीच्या जाडीवर ठरते. समोरच्या फिल्मवर ग्रेटर ट्रोकॅन्टरवरील ठरावीक उंचवट्यापासून ३ सेंटीमीटर खाली बिंदू घ्यायचा आणि तेथून १३५ अंशांच्या कोनात वर फ्रॅक्चरच्या रेघेपर्यंतचे अंतर मोजायचे, ते २०.५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर भिंत कमकुवत मानायची. येथे चूक मोजपट्टीची होते. एक्स-रेवर खुबा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. समजा, पडद्यावर २३ मिलिमीटर भरले आणि प्रतिमा १५ टक्क्यांनी मोठी झालेली असली, तर खरी जाडी २० मिलिमीटर होते आणि फ्रॅक्चर ए१ मधून ए२ मध्ये जाते. ज्ञात मापाची खूण फिल्ममध्ये नसेल, तर सीमेजवळच्या आकड्यावर निर्णय टांगू नये.

उलट्या तिरकस रेघेची फ्रॅक्चर ज्यात येतात तो ए३ गाळला जाण्याचे परिणाम याहून वाईट. नेहमीची रेघ वर बाहेरून खाली आत उतरते. उलट्या तिरकस फ्रॅक्चरमध्ये ती वर आतून खाली बाहेर जाते. अशा फ्रॅक्चरला सरकत्या स्क्रूची पट्टी बसवली, तर शाफ्ट आत सरकत राहतो आणि जोडकाम कोसळू शकते. म्हणून येथे हाडाच्या पोकळीतील खिळा निवडतात. लेसर ट्रोकॅन्टरच्या तुकड्याकडे सगळे लक्ष गेल्यामुळे बाहेरच्या कडेवर रेघ कुठे फुटते हे पाहायचेच राहून जाते. शंका उरली, तर सीटी स्कॅनवर रेघेची दिशा स्पष्ट होते.

रेघ दिसत नाही म्हणून फ्रॅक्चर नाही?

वयस्क रुग्ण पडल्यानंतर पायावर भार देऊ शकत नसेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर एमआरआय करावा. त्यातील टी१ प्रकारच्या प्रतिमेत काळी रेघ आणि स्टीर या प्रकारच्या प्रतिमेत भोवतीची सूज दिसते. केवळ सूज दिसली आणि रेघ नसली, तर त्याला फ्रॅक्चर म्हणण्याची घाईही करू नये. एमआरआय लवकर शक्य नसेल तर सीटी उपयोगी पडतो, पण विरळ हाडातील न सरकलेली रेघ त्यातून निसटू शकते. एक्स-रेवर फक्त ग्रेटर ट्रोकॅन्टर मोडलेला दिसतो, तेव्हाही एमआरआयमध्ये ती रेघ आतवर गेलेली अनेकदा सापडते.

प्रौढ व्यक्तीत लेसर ट्रोकॅन्टर एकटाच उखडला असेल, तर कर्करोगाचा प्रसार तपासावा. लेसर ट्रोकॅन्टरच्या खालच्या फ्रॅक्चरमध्ये बाहेरची कड जाड झालेली आणि रेघ आडवी दिसली, तर बिस्फॉस्फोनेट (हाडांच्या विरळपणावर दिल्या जाणाऱ्या) औषधांचा इतिहास विचारावा आणि दोन्ही फीमरची पूर्ण लांबीची फिल्म मागवावी.

संगणकाला शिकवताना

प्रतिमांवरून प्रकार ओळखणारी मॉडेल तयार करणाऱ्यांच्या हातून वरच्या सर्व चुका एकदम होऊ शकतात, कारण एका वाचकाने दिलेले गार्डनचे चार प्रकार तेथे निर्विवाद सत्य मानले जातात. किमान दोघांनी स्वतंत्रपणे वाचन करावे आणि मतभेदाच्या फिल्म वेगळ्या नोंदवाव्यात. एकाच रुग्णाचा डावा आणि उजवा खुबा, किंवा आजची आणि उद्याची फिल्म, शिकवण्याच्या आणि तपासणीच्या संचांत विभागली जाऊ नये; विभागणी रुग्णानुसार करावी. यंत्राचा प्रकार, तातडीच्या विभागातील फिल्म किंवा रुग्णाचे वय यांवरूनही मॉडेल अंदाज बांधते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णांची आणि रुग्णालयीन प्रक्रियेची अशी वैशिष्ट्ये दोन्ही गटांत सारखी केल्यावर खुब्याचे फ्रॅक्चर ओळखणाऱ्या मॉडेलची कामगिरी नाणेफेकीच्या पातळीवर उतरली होती.