चहामळ्यांतून माउंटन बाइक: श्रीलंकेच्या डोंगरात गाइडसोबत एक दिवस कसा करावा

कँडीहून निघणाऱ्या सायकल सफरींच्या माहितीत ‘बहुतांश रस्ता उताराचा’ असं लिहिलेलं दिसलं की पुष्कळजण निर्धास्त होऊन पैसे भरतात. चढ नाही म्हणजे दम लागणार नाही, एवढाच हिशेब असतो. पण चढावर फार तर काय होईल? धाप लागेल, खाली उतरून सायकल ढकलाल. उतारावर मात्र एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला चहाची झुडपं आणि खाली ओले दगड, अशा वाटेवर तास-दोन तास पेडलवर उभं राहून ब्रेक सांभाळायचे असतात. मनगटं, पंजे आणि मांड्या तिथे बोलायला लागतात. म्हणून या सफरीची सगळी तयारी उतार डोळ्यांसमोर ठेवून करावी.

आधी डोंगर निवडा, मग तारीख

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, प्रवास अडीच-पावणेतीन तासांचा, घड्याळही बदलावं लागत नाही. त्यामुळे ‘सकाळी उतरू, दुपारी सायकल’ असा मोह होतो. तसं करू नका. कोलंबो ते कँडी अंतर जेमतेम 115 किलोमीटर असलं तरी रस्त्यानं तीन तासांहून जास्त लागतात. आदल्या रात्री डोंगरातच मुक्काम हवा.

एका दिवसात जमतील असे तीन भाग सांगतो. कँडीच्या दक्षिणेला हंतानाची रांग आहे. तिथून गलहा आणि पुढे लूलकंदुरच्या मळ्यांकडे जुन्या मळेवाटा जातात. 300 किलोमीटरहून लांब अशी ‘पेको ट्रेल’ ही पायवाट हंतानाहूनच सुरू होते आणि नुवारा एलियापर्यंत जाते. ती मुख्यतः चालणाऱ्यांची, पण काही टप्प्यांवर सायकलही नेता येते. लूलकंदुरला 1867 मध्ये जेम्स टेलर या स्कॉटिश माणसानं 19 एकरांत चहा लावला. दोनच वर्षांनी कॉफीवर तांबेऱ्याचा रोग आला, बेटावरची कॉफी हळूहळू बुडाली आणि तिच्या जागी चहा पसरला. आज आपण ज्या वाटांवरून सायकल नेतो, त्यांतल्या बऱ्याच या मळ्यांतून माल आणि मजूर ने-आण करायला काढलेल्या आहेत. त्यामुळे त्या डोंगराला वळसे घालत जातात, आणि सायकलला नेमकं तेच सोयीचं पडतं.

दुसरा भाग नकल्स रांगेचा, कँडीच्या ईशान्येला. हुन्नसगिरियाहून कॉर्बेट्स गॅप नावाच्या खिंडीवर जायचं आणि पलीकडे मीमुरे गावाकडे उतरायचं. हा उतार तीव्र आणि खडबडीत आहे. पहिल्यांदाच डोंगरात सायकल चालवणाऱ्यानं इथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. तिसरा भाग हापुतळेचा. गाडीनं लिप्टन्स सीट या जवळपास 1970 मीटरवरच्या कड्यापर्यंत जायचं आणि मळ्यांतल्या अरुंद डांबरी रस्त्यानं डंबतेन्नच्या चहा कारखान्याकडे सायकलनं उतरायचं. कारखाना 1890 चा, थॉमस लिप्टननं बांधलेला. नवख्यांना हा उतार चांगला, फक्त पहाटे निघा. नऊ-साडेनऊनंतर कड्यावर ढग येऊन बसतात.

तारखेचं गणित आपल्या पावसाळ्यासारखं एकसरळ नाही. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबरमध्ये डोंगराच्या पश्चिम उताराला झोडपतो, ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारीत पूर्वेकडच्या बाजूला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर सगळीकडेच वीज-वादळ. हंतानासाठी जानेवारीअखेर ते मार्च हा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष असतं. गाइड घरी जातात आणि नुवारा एलियात पाय ठेवायला जागा नसते. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीचा एसला पेराहेरा हा मिरवणुकांचा उत्सव असतो, तेव्हा रस्ते बंद आणि खोल्या महाग.

नोव्हेंबर 2025 मध्ये दित्वा चक्रीवादळानं याच डोंगरी भागात असंख्य दरडी पाडल्या. तेव्हा नोंदणी करताना मार्ग आत्ता खुला आहे का, गेल्या आठवड्यात तिथून कुणी गेलं होतं का, हे विचाराच. जोरदार पाऊस झालेला असेल आणि दरडींचा इशारा असेल तर सफर पुढे ढकलायला आयोजक तयार आहे ना, हेही आधीच ठरवून घ्या.

आयोजकाला काय विचारायचं, आणि स्वतःबद्दल काय सांगायचं

‘किती किलोमीटर?’ या प्रश्नावर सगळे थांबतात. त्याहून महत्त्वाचं विचारायचं ते असं: एकूण चढ किती मीटर, उतारात कच्ची वाट किती आणि डांबर किती, एका गाइडमागे किती माणसं, मागून गाडी येणार का आणि ती कुठे-कुठे गाठ घेऊ शकते. मापासाठी सिंहगड डोळ्यांसमोर ठेवा. पायथ्यापासून गाडीरस्त्यानं वर गेलात की साधारण 600 मीटर चढ होतो. तो न थांबता जमत असेल तर मध्यम सफर घ्या. धापा टाकत, चार वेळा उतरून जमत असेल तर 300 मीटरच्या आतलं बघा. रस्त्यावर 60 किलोमीटर मारणाऱ्या माणसाला मळ्यातले 25 किलोमीटर पुरून उरतात.

गाइडकडे श्रीलंका पर्यटन विकास प्राधिकरणाचा परवाना आहे का, ते विचारायला लाजू नका. नकल्सच्या संरक्षित जंगलात जायला तिकीट लागतं. ते शुल्कात धरलं आहे की वेगळं, हेही विचारा. मग सायकलीचा विषय. पुढे सस्पेन्शन आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, यापेक्षा कमी काही घेऊ नका. उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. ‘मीडियम चालेल’ एवढ्यावर भागत नाही.

स्वतःबद्दल सांगताना आपल्या मंडळींना एक खोड आहे. ग्रुपसमोर कुणीच ‘मी नवखा’ म्हणत नाही. गाइड त्या बोलण्यावर मार्ग ठरवतो आणि मग पहिल्याच अवघड वळणावर सगळे अडकतात. ग्रुपमधल्या सर्वांत कच्च्या माणसाची खरी क्षमता कळवा. दमा, मधुमेह, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर तेही.

विमा हा कंटाळवाणा भाग, पण पाच मिनिटं द्या. साध्या परदेश प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीत माउंटन बाइकिंग समाविष्ट असल्याचं लेखी बघूनच पैसे भरा.

घरच्या टेकडीवर तीन-चार आठवडे

पुण्यात वेताळ टेकडी आहे, ठाण्याला येऊर आहे. जिथे सायकल न्यायला परवानगी असेल अशी कुठलीही मुरमाड वाट चालेल. तिथे चढाचा सराव आपोआप होतो, उताराचा मुद्दाम करावा लागतो. दोन्ही पेडल समपातळीत, ढुंगण सीटवरून किंचित उचललेलं आणि मागे, कोपर-गुडघे सैल, प्रत्येक ब्रेकवर फक्त एक किंवा दोन बोटं, बाकीच्या बोटांनी हँडल घट्ट. नजर पुढच्या चाकावर ठेवायची नाही, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवायची. सायकल डोळे जिथे असतात तिथेच जाते. ज्या दगडाला घाबरून बघत राहाल, त्याच्यावरच चढाल.

ब्रेकचं तंत्र असं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडत आणायचा. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण सैल खडीवर आणि वळलेल्या चाकावर तो करकचून दाबला तर पुढचं चाक घसरतं. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला तर तापतो आणि पकड कमी होते. थोडा दाबून वेग उतरवा, सोडा, पुन्हा दाबा. मध्ये थांबलात तर डिस्कला बोट लावून बघू नका, चटका बसतो.

पिशवीत काय

पॅडेड सायकल शॉर्ट्स, आणि तिच्या आत अंतर्वस्त्र नको, शिवणीमुळे सोलपटतं. पूर्ण बोटांचे हातमोजे. पारदर्शक किंवा फिकट काचेचा चष्मा, कारण उन्हातून एकदम पाइन-निलगिरीच्या सावलीत शिरलात की गडद काचेतून खड्डा दिसत नाही. टणक तळव्याचे बूट. पातळ रेनकोट. कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत. पाणी दोन लिटर. दमट हवेत तासाला अर्धा लिटर सहज लागतं, आणि सोबत ओआरएसची पाकिटं. हेल्मेट आयोजक देतो, पण ते पडलेलं, चिरलेलं नाही ना, हे हातात घेऊन बघा.

जळवांचा बाऊ करू नका, तयारी करा. ओल्या गवतात आणि जंगलातल्या वाटेवर थांबलात की त्या बुटावर चढतात. लांब मोजे घाला, त्यांवर साबण चोळा. स्थानिक लोक सिद्धालेप नावाचा बाम लावतात, तो कुठल्याही दुकानात मिळतो. चिकटली तर ओढू नका. नखानं कडेनं सरकवून काढा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

सकाळी, निघण्याआधीची वीस मिनिटं

गाइड घाईत असला तरी ही वीस मिनिटं मागून घ्या. सायकल दोन पायांत घेऊन उभे राहा. वरच्या नळीत आणि तुमच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा, ही चढासाठीची उंची. मोठ्या उताराआधी सीट थोडी खाली करून मागा. मग ब्रेक. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. बाहेरून आलेल्या सायकलींना तो डाव्या हाताला असू शकतो. सायकल उभी करून एकेक ब्रेक दाबा, कुठलं चाक थांबतं ते बघा आणि आवारात दहा फेऱ्या मारून हाताला सवय लावा. ही एक गोष्ट सोडू नका, कारण उतारावर घाबरलेला हात जुन्या सवयीनंच दाबतो. टायर दगडासारखे टणक असतील तर थोडी हवा काढायला सांगा.

गिअरचं एवढंच: चढ सुरू होण्याआधी हलका टाका. चढात अडकल्यावर जोर लावून बदलाल तर साखळी कुरकुरेल, कधी उतरेल.

वाटेवर

निघायचं सातच्या आत. दुपारच्या पावसाआधी कच्ची वाट मागे पडलेली बरी. माणसामाणसात पुरेसं अंतर ठेवा; पुढचा पडला तर तुम्हाला थांबायला जागा हवी. पहिल्या अर्ध्या तासात गाइड मुद्दाम हळू जातो, तो तुमची परीक्षा घेत असतो. त्याच्या पुढे जाऊ नका.

मळ्यातल्या वाटेचे काही खास सापळे आहेत. वाटेला आडव्या दगडी चऱ्या असतात, पावसाचं पाणी काढायला. त्या सरळ, काटकोनात ओलांडायच्या. तिरक्या गेलात की चाक अडकतं. पाइनच्या वाळलेल्या सुया आणि शेवाळलेलं काँक्रीट कोरडं दिसतं, पण निसरडं असतं. त्यावर ना ब्रेक, ना वळण, फक्त सरळ. डांबरी रस्त्यावर आलात की वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं, पण घाटातल्या बसवाल्यांना वळणावर पूर्ण रस्ता आपलाच वाटतो. त्यांना जाऊ द्या.

आणि उतरून चालायला लागलात तर कुणी हसत नाही. मला तर जो माणूस अवघड तुकड्यावर आपणहून उतरतो, त्याच्याबरोबर जायला आवडतं.

मळ्यात राहणारी बहुतेक माणसं तमिळ बोलतात. ब्रिटिशांनी दक्षिण भारतातून आणलेल्या मजुरांचे हे वंशज, आणि 1948 च्या नागरिकत्व कायद्यानं त्यांतल्या लाखोंना देशाविनाच ठेवलं होतं. चहा खुडणाऱ्या बायकांचा फोटो काढण्याआधी विचारा, त्यांच्या कामाचा हिशेब खुडलेल्या पानाच्या वजनावर असतो. ‘वणक्कम’ म्हणा, सिंहली गावात ‘आयुबोवन’. मजुरांच्या चाळवजा लाइन घरांजवळून जाताना वेग कमी करा, मुलं आणि कुत्री वाटेवरच असतात. पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते आणि रविवारीही मळे बहुतेक शांत, तेव्हा खुडणी बघायची असेल तर इतर दिवस धरा.

कुणी पडलं तर आधी वाटेवरून बाजूला व्हा, मागच्याला हाक द्या. डोकं आपटलं असेल, शुद्ध हरपली असेल किंवा बोलणं विस्कळीत वाटत असेल, तर ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्याची सायकल तिथेच संपली. 1990 या क्रमांकावर ‘सुवसेरिय’ ही मोफत रुग्णवाहिका मिळते. 2016 मध्ये भारताच्या मदतीनं ती सुरू झाली. मळ्यांत मोबाइल रेंज जाते-येते, म्हणून शेवटची रेंज कुठे होती ते गाइडला माहीत हवं.

संपल्यावर

सायकल परत देताना काही वाकलं-तुटलं असेल तर तिथेच दाखवा. गाइडला बक्षिशी रोख, त्याच्याच हातात द्या, गाडीवाल्याची वेगळी. संध्याकाळी मांड्यांपेक्षा पंजे आणि खांदे जास्त दुखतील, ते उतारावरच्या पकडीमुळे.

आणि पुढचा बेत आखताना श्रीपाद पर्वताची रात्रीची चढाई लगेच दुसऱ्या दिवशी ठेवू नका. त्याला साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. वर चढणं जमून जातं. पहाटे सूर्योदय बघून त्याच पायऱ्या उतरताना गुडघे हिशेब मागतात. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा सोडा.