दिवे घाट ओलांडल्यावर: वारीत माणसांचे फोटो काढताना

वारीचे फोटो काढायचे ठरवलं की नवखा माणूस आधी दिवे घाट गाठतो. गाठावाच, एकदा. पण घाटातली पताकांची वळणदार रांग दरवर्षी शेकडो कॅमेरे टिपतात आणि त्यात माणूस असतो ठिपक्याएवढा. थकलेली, खिदळणारी, रुसलेली माणसं हवी असतील तर घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे असं पुढे चालत राहा.

माझं पहिलं सांगणं: एकच दिंडी धरा. ज्ञानोबांच्या पालखीत प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, ‘रथापुढे अमुक’ किंवा ‘रथामागे तमुक’, आणि तो क्रम मोडत नाही. त्यामुळे आज भेटलेली माणसं उद्या नेमकी त्याच जागी सापडतात. दिंडीचालकांना भेटा, चार दिवस सोबत चालायचंय म्हणून सांगा. “जेवलीस का?” हा प्रश्न बहुतेक लगेच येतो. पंगतीत बसा, पुढच्या पंगतीला वाढायला उभ्या राहा. तोवर कॅमेरा गळ्यात असू द्या, डोळ्याला लावू नका. एकदा का तुम्ही ‘आपल्या दिंडीतली फोटोवाली’ झालात, की लेन्सकडे कुणी बघत नाही.

परवानगीचा घोळ प्रत्येकाचा होतो. “माऊली, फोटो काढू का?” म्हटलं की मावशी पदर सावरतात, हात जोडतात आणि ताठ उभ्या राहतात. न विचारता काढणं बरं नव्हे. म्हणून परवानगी क्षणाची मागू नये, सकाळीच सगळ्या घोळक्याची घ्यावी: “आज दिवसभर तुमच्याबरोबर आहे, अधूनमधून फोटो काढीन.” संध्याकाळी राहुटीत सगळ्यांना स्क्रीनवर दाखवायचं. कुणी “हा नको गं” म्हणालं तर तिच्यासमोर डिलीट करायचा, फोटो कितीही आवडता असला तरी.

खरा खजिना विसाव्याला असतो. चालताना सगळे एका लयीत असतात; झाडाखाली टेकले की जो तो आपापला होतो. कुणी तळपायाला तेल चोळतंय, कुणी फोनवर घरच्यांना “पेरणी उरकली का?” विचारतंय. टपरीवर चार्जिंगला लावलेल्या मोबाइलांची राखण करत एखादे आजोबा बसलेले असतात. दोघीजणी ओल्या लुगड्याची दोन टोकं धरून चालता चालताच ते वाळवतात. (माझा सगळ्यात लाडका विषय. वाऱ्याने लुगडं फुगतं तेव्हा मागचे चेहरे झाकले-उघडले जातात.)

रिंगणाला उलटं करा. अश्व धावतो तेव्हा सगळे फोटोग्राफर अश्वाकडे वळलेले असतात. तुम्ही बघणाऱ्यांकडे वळा. अश्व पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला जी झुंबड उडते, तीही सोडू नका. मग फुगड्या सुरू होतात. शटरचा वेग १/५०० सेकंदाला ठेवला तर उडालेली वेणी आणि चेहऱ्यावरचं हसू गोठतं, १/३० ला ठेवला तर सगळी गरगर उतरते. मला चेहरे जास्त प्रिय, म्हणून मी बहुतेकदा पहिलंच वापरते.

लेन्सचं थोडक्यात: ३५ मिमी पुरते, साधा फोनही चालतो. मोठ्या टेलीने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने, लांबून चेहरा मिळतो, जवळीक मिळत नाही. आषाढातलं ढगाळ आभाळ ऊन मऊ करतं, ते फुकटचं वरदान. पावसासाठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि जुनं सुती धोतर जवळ ठेवा. कीर्तनात फ्लॅश अजिबात नको. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चढवा, दाणे दिसले तर दिसू देत.

मुक्कामाच्या समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि सगळा तळ गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, ती ऐकून घेईपर्यंत. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावं पुकारतात. या वेळी लोकांचे कान तिकडे लागलेले असतात, चेहरे अगदी उघडे.

पहाटे टँकरपाशी किंवा नदीवर बायका अंघोळीला असतात तेव्हा कॅमेरा पिशवीत. मी बाई असून हा नियम पाळते. तसे फोटो स्पर्धांमध्ये दिसतात, मला बघवत नाहीत.

फोटोबरोबर गाव, तालुका, दिंडी क्रमांक वहीत टिपा. मासिकाकडे पाठवायचे तर फोटोखालच्या ओळी लिहिताना हेच लागतं. आणि प्रिंट पोहोचवा. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे नसतं. दिंडीचालकांच्या हाती पाकीट दिलं की ते घरोघरी जातं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लोणंद ते तरडगाव हा टप्पा धरावा. अंतर कमी आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण, म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा वारकरी आणि मधून धावणारा अश्व. पालखीच्या दिवसांत रस्त्यांवर वाहनं अडवतात, पण लोणंदला पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. गाडी घरीच ठेवा.