कूलंट सारखं कमी होतंय? घाटाआधी हे बघा

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बंद सर्किटमध्ये फिरतं. आठवड्याभरात ते कूलंटच्या टाकीवरच्या 'मिन' (किमान पातळी) खुणेखाली जात असेल तर गळती आहेच, नुसतं भरत राहू नका. सकाळी इंजिन थंड असताना टाकीवर मार्करने रेघ मारा आणि टॉर्च घेऊन होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडा, वॉटर पंपाखालचा भाग तपासा. थेंब दिसला नाही तरी वाळलेल्या कूलंटची पांढरट किंवा हिरवट खपली दिसते. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलसर आणि केबिनमध्ये गोडसर वास असेल, तर हीटर कोअर (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) बघायला सांगा.

बाहेर काहीच सापडलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) करून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं किंवा इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या सीलची) शंका घ्या आणि गाडी चालवूच नका. गळती बुजवणारं लिक्विड घरच्या गाडीत मी तरी घालणार नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदू शकतात.

खंबाटकी किंवा ताम्हिणी चढताना तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर फुल्ल आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी कडेला. कूलंटचं झाकण मात्र इंजिन गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असो! आतलं कूलंट १०० अंशांच्या वर असू शकतं, दाब सुटताच ते अंगावर उसळतं. इंजिन पूर्ण निवू द्या. नाइलाजाने साधं पाणी घातलंत, तर पुण्यात परतल्यावर ते काढून मॅन्युअलमधलंच कूलंट भरा. नुसता रंग जुळून चालत नाही.