हौशी इलेक्ट्रॉनिक्समध्ये या चुका टाळा: दोष शोधताना आणि मोजमापाची साधने निवडताना

जोडलेले सर्किट पहिल्या प्रयत्नात चालले नाही की बहुतेक हौशी मंडळींचा हात आधी आयसीकडे (अनेक घटक एकत्र असलेल्या चिपकडे) जातो. आयसी बदलूनही फरक पडत नाही. मग ट्रान्झिस्टर बदलला जातो, प्रोग्राम पुन्हा भरला जातो, आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशा धडपडीत मूळ दोष जागच्या जागी राहतो. वास्तविक नवा आयसी सदोष निघण्याचे प्रमाण फार कमी असते. दोष बहुधा सप्लायमध्ये, ग्राउंडच्या (सप्लायच्या ऋण टोकाच्या) जोडणीत, ड्राय सोल्डरमध्ये (नीट न चिकटलेल्या सांध्यात) किंवा उलट्या बसवलेल्या एखाद्या पार्टमध्ये दडलेला असतो आणि तो मोजल्याशिवाय सापडत नाही. शिवाय न मोजता पार्ट बदलण्यात आणखी एक नुकसान असते: एकाच वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या आणि सर्किट चालू झाले, तरी कशामुळे चालू झाले हे कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

सप्लाय दुसरीकडेच मोजणे

सप्लाय तपासला असे सांगणाऱ्याने तो नेमका कोठे तपासला, हे विचारले पाहिजे. अॅडॅप्टरच्या टोकांवर ५ व्होल्ट असणे आणि आयसीच्या पायांवर ५ व्होल्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब ब्रेडबोर्डांपैकी (सोल्डर न करता सर्किट जोडण्याच्या भोकांच्या पाट्यांपैकी) अनेकांवरील सप्लायच्या पट्ट्या मधोमध तुटलेल्या असतात. रंगीत रेघेत तेथे खंड असतो, पण तो सहज नजरेत भरत नाही, आणि मग अर्ध्या बोर्डाला वीजच पोहोचत नाही. म्हणून मीटरचे प्रोब (मोजण्याची टोके) थेट आयसीच्या सप्लाय आणि ग्राउंडच्या पायांना लावावेत, ब्रेडबोर्डच्या भोकातील वायरीला नव्हे.

ग्राउंडच्या बाबतीत याहून उपयोगी अशी एक तपासणी आहे, जी फार थोडे जण करतात. सर्किट चालू असताना काळा प्रोब सप्लायच्या ऋण टोकाला आणि लाल प्रोब आयसीच्या ग्राउंडच्या पायाला लावून मीटर मिलिव्होल्टवर ठेवावा. दोन्ही बिंदू कागदावर एकच असल्याने काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. तेथे दोनशे-तीनशे मिलिव्होल्ट दिसले, तर वाटेतील वायर बारीक आहे किंवा एखादा संपर्क सैल आहे, हे आयसीला हात न लावता समजते. सेन्सरचे आकडे मोटर चालू होताच का उड्या मारतात, याचे उत्तर अनेकदा येथेच मिळते.

मल्टिमीटरला दिसत नाही असाही एक दोष सप्लायमध्ये असतो. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो, त्यामुळे काही मिलिसेकंदांसाठी व्होल्टेज कोसळून पुन्हा सावरले तरी पडद्यावर ते स्थिरच दिसते. ईएसपी३२ सारखे वाय-फाय असलेले मायक्रोकंट्रोलर मॉड्यूल वाय-फायवर माहिती पाठवताना क्षणभर काहीशे मिलिअँपियर ओढते, आणि निर्मात्याची शिफारस किमान ५०० मिलिअँपियर देऊ शकणाऱ्या सप्लायची आहे. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर सर्वो मोटर लावणे हाही याच जातीचा प्रकार आहे, कारण त्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो आणि मोटर सुरू होताच तिचे व्होल्टेज खाली येते. प्रत्येक आयसीच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि अशा मॉड्यूलजवळ १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावणे ही चैन नव्हे. सर्किट आपोआप रिसेट होते अशा कित्येक तक्रारी तेवढ्यानेच मिटतात. हे कपॅसिटर बोर्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावले तर मधल्या वायरीमुळे त्यांचा उपयोग बराच घटतो.

काही मिनिटे नीट चालून बंद पडणारे आणि थंड झाल्यावर पुन्हा चालणारे सर्किट दिसले की संशय प्रोग्रामवर घेतला जातो. तो घेण्याआधी ७८०५ सारख्या रेग्युलेटरचे (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणाऱ्या पार्टचे) गणित करावे. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना ०.५ अँपियर ओढला, तर ७ गुणिले ०.५ म्हणजे ३.५ वॅट इतकी उष्णता त्या छोट्या पार्टमध्ये तयार होते, आणि हीटसिंक नसेल तर तो स्वतःच्या बचावासाठी बंद होतो. उलट बाजूने पाहता याच रेग्युलेटरला इनपुटवर सुमारे २ व्होल्ट अधिक लागतात, म्हणून ६ व्होल्टच्या बॅटरीवर त्याच्याकडून नीट ५ व्होल्टची अपेक्षा धरू नये.

पाय ओळखण्यातील घोळ

सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरल्यास बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात, तर २एन३९०४ चे नेमके उलट, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात. याहून फसवी गोष्ट अशी की पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए ही नावे जवळजवळ सारखी असूनही त्यांच्या पायांचा क्रम परस्परविरुद्ध आहे. उलटा बसवलेला ट्रान्झिस्टर पूर्ण बंद पडत नाही, तर कमी गेनने (वर्धनाने) थोडेफार काम करतो, आणि त्यामुळेच दोष लवकर ध्यानात येत नाही. दुसऱ्या कुणाच्या आकृतीवरून पाय ठरवण्याऐवजी हातातील पार्टवर छापलेल्या क्रमांकाचीच डेटाशीट (निर्मात्याचे माहितीपत्रक) उघडावी. जोडलेला एनपीएन ट्रान्झिस्टर सुस्थितीत आहे का हे चालू सर्किटमध्येही तपासता येते: तो सुरू असताना बेस आणि एमिटर यांच्यात ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. तेथे १ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर ते जंक्शन आतून तुटलेले आहे असे समजावे.

मॉसफेट (गेट या पायावरील व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) निवडताना डेटाशीटमधील थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे तो चालू होऊ लागतो ते व्होल्टेज, वाचून फसगत होते. आयआरएफ५४० चा थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट लिहिलेला असतो, म्हणून ५ व्होल्ट पुरतील असे वाटते. पण तो आकडा अवघा २५० मायक्रोअँपियर वाहू लागण्याच्या क्षणाचा असतो, पूर्ण चालू होण्याचा नव्हे. पूर्ण चालू अवस्थेतील रोध त्यात गेटवर १० व्होल्ट धरून दिलेला असतो. अर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पायावरून मोटर चालवायची असेल तर आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक लेव्हल (गेटवरील ५ व्होल्टवरच नीट चालू होणारा) मॉसफेट घ्यावा, अन्यथा मोटर मंद फिरते आणि मॉसफेट मात्र तापतो.

मोकळे सोडलेले इनपुट हा दोषही याच घरचा आहे. सीमॉस आयसीचा न वापरलेला इनपुट कुठेच जोडला नाही, तर बोट जवळ नेताच आउटपुट बदलते. असे काही दिसले की त्याचा अर्थ सर्किट संवेदनशील आहे असा नसून कुठला तरी पाय हवेत आहे असा घ्यावा, आणि तो रेझिस्टरने सप्लायला किंवा ग्राउंडला बांधावा. आय-टू-सी (सेन्सर व डिस्प्ले जोडण्याची दोन तारांची संवादपद्धत) च्या दोन्ही तारांवर पुलअप रेझिस्टर, म्हणजे तार सप्लायला बांधणारे रेझिस्टर, सहसा ४.७ किलोओहमचे, लागतातच. तेथे पत्त्याचाही गोंधळ होतो: छोट्या ओलेड डिस्प्लेच्या पाठीवर आठ बिटांच्या पद्धतीने हेक्स ७८ (सोळा-आधारी अंक) छापलेले असते, पण प्रोग्रामला सात बिटांचा पत्ता हवा असतो आणि तो हेक्स ३सी असतो. एकच पत्ता दोन पद्धतींनी लिहिलेला असल्याने डिस्प्ले बिघडलेला नसतानाही तो परत पाठवला जातो.

सोल्डरिंगबद्दल थोडक्यात सांगायचे तर चकाकी हा चांगल्या सांध्याचा पुरावा मानू नये. शिसेविरहित सोल्डरचा उत्तम सांधाही काहीसा निस्तेज दिसतो. सोल्डर पायावर आणि पॅडवर दोन्हीकडे पसरले आहे की गोळा होऊन बसले आहे, एवढे भिंगाने पाहावे. नळजोडणीसाठीचा आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर चिकटावे म्हणून लावायचा पदार्थ) बोर्डावर कधीही वापरू नये, कारण तो तांबे खात राहतो.

मीटरही सर्किटचाच भाग असतो

समजा, १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर ५ व्होल्टवर एकामागोमाग जोडले आहेत. मधल्या बिंदूवर २.५ व्होल्ट असले पाहिजेत, पण १० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मीटर तेथे २.३८ दाखवतो, कारण मीटर स्वतः खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला जातो. व्होल्टला २० किलोओहम असा जुना काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर लावला, तर तो जेमतेम ०.७ व्होल्ट दाखवेल. दोन्ही मीटर खरेच सांगतात. मात्र ते सांगतात ती मीटर लावल्यानंतरची स्थिती. मोठ्या रेझिस्टरच्या सर्किटमध्ये अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज दिसले, तर पार्ट बदलण्यापूर्वी हा हिशेब करावा.

कंटिन्युइटीचा (जोडणी सलग आहे का हे तपासणारा) बझर वाजला म्हणजे जोडणी पक्की, हा समज तर फारच रूढ आहे. काही मीटरांचा बझर ३० ते ५० ओहमपर्यंतही वाजतो. १० ओहमच्या कच्च्या सांध्यातून ३०० मिलिअँपियर नेला तर तेथेच ३ व्होल्ट पडतील, आणि बझर मात्र तक्रार करणार नाही. म्हणून संशयित सांध्याचा ओहममधला आकडा पाहावा आणि त्यातून प्रोब एकमेकांना टेकवल्यावर दिसणारा आकडा वजा करावा. बोर्डावर जोडलेल्या रेझिस्टरचे मोजमाप सप्लाय काढून आणि कपॅसिटर रिकामे करूनच घ्यावे. तरीही समांतर वाटांमुळे तो छापील किमतीपेक्षा कमी भरू शकतो. जास्त भरला तर मात्र रेझिस्टर गेला, असे बहुधा खात्रीने म्हणता येते.

करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब अँपियरच्या सॉकेटमध्ये विसरणे आणि तसाच व्होल्टेज मोजायला लावणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या सॉकेटमध्ये मीटर म्हणजे जवळजवळ सरळ वायर असते, म्हणजे आपण शॉर्टसर्किटच करतो. यानंतर मिलिअँपियरचा फ्यूज गेलेला असतो, आणि पुढच्या वेळी करंट शून्य दिसला की सर्किटच बंद असल्याचा निष्कर्ष काढला जातो. शिवाय मिलिअँपियरच्या रेंजमध्ये मीटरवर थोडे व्होल्टेज पडते, जे ३.३ व्होल्टच्या सर्किटला रिसेट करायला पुरते. त्यापेक्षा सप्लायच्या वाटेत १ ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरील मिलिव्होल्ट वाचावेत: १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपियर. काहीशे मिलिअँपियर ओढणाऱ्या सर्किटला हा रेझिस्टर ०.१ ओहमचा घ्यावा, नाहीतर त्याच्यावरच व्होल्टेज पडेल.

साधने कोणत्या क्रमाने घ्यावीत

मल्टिमीटर घेताना पडद्यावरील आकड्यांची संख्या आणि फंक्शनची यादी पाहिली जाते, पण पाहायला हवे ते फ्यूज आणि सुरक्षेचे वर्गीकरण. आयईसी ६१०१० या मानकातील कॅट २ हा वर्ग सॉकेटला लावलेल्या उपकरणांसाठी आणि कॅट ३ हा इमारतीतील स्थायी वायरिंग व पॅनेलसाठी असतो. दोन्ही करंट सॉकेटना फ्यूज नसलेला मीटर मेन्सच्या जवळही नेऊ नये. ट्रू आरएमएस (कोणत्याही आकाराच्या एसी लहरीचे खरे प्रभावी मूल्य मोजणे) लागते का, हा प्रश्न एसी मोजणाऱ्यांनीच विचारावा. साधा मीटर शुद्ध साइन लहर गृहीत धरतो, त्यामुळे समान चौकोनी लहरीवर तो सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो. केवळ डीसी सर्किट करणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

दुसरी खरेदी ऑसिलोस्कोपची (व्होल्टेज काळानुसार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे; ती करंट लिमिट (करंटची कमाल मर्यादा) असलेल्या बेंच सप्लायची असावी. नवे सर्किट जोडण्यापूर्वी व्होल्टेज ५ वर आणि लिमिट १०० मिलिअँपियरवर ठेवली, तर उलटा लावलेला आयसी जळण्याऐवजी सप्लायचे व्होल्टेज खाली येते आणि दिवा लागून दोष जाहीर होतो. शॉर्ट नेमका कुठे आहे ते शोधायलाही हाच सप्लाय कामी येतो: लिमिट बेताने वाढवून बंद खोलीऐवजी हवेशीर जागी बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर द्यावा; जो भाग आधी सुकतो तो तापत असतो.

ऑसिलोस्कोपची बँडविड्थ म्हणजे ज्या वारंवारतेवर सिग्नल ३० टक्क्यांनी लहान दिसू लागतो ती मर्यादा. त्यामुळे चौकोनी लहर नीट पाहायची तर तिच्या वारंवारतेच्या किमान पाचपट बँडविड्थ धरावी. ऑडिओ, सप्लाय आणि साध्या मायक्रोकंट्रोलरच्या कामाला ५० ते १०० मेगाहर्ट्झ पुरते. त्याहून मोठा स्कोप घेऊन प्रोबचा स्विच मात्र १ पटीवर (१X) ठेवणे व्यर्थ आहे, कारण त्या स्थितीत प्रोब स्वतःच सिग्नल सुमारे ६ ते १० मेगाहर्ट्झच्या पुढे जाऊ देत नाही. प्रोब १० पटीवर (१०X) ठेवावा, स्कोपवरील १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीवर त्याचा स्क्रू जुळवावा, आणि क्रिस्टलला (मायक्रोकंट्रोलरची घड्याळलहर ठरवणाऱ्या स्फटिकाला) प्रोब लावताच ऑसिलेटर थांबला तर घाबरू नये. प्रोबच्या काही पिकोफॅरडनेही ते होते.

स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप आतून थेट मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते, हे विसरून ती मेन्सशी जोडलेल्या सर्किटच्या भलत्याच बिंदूला लावली तर तिथेच शॉर्ट होतो. दोन्ही प्रोबच्या क्लिपाही आतून एकच असतात. दोन बिंदूंमधील फरक पाहायचा असेल, तर कमी व्होल्टेजच्या सर्किटमध्ये दोन्ही चॅनेलचे टोक त्या बिंदूंना लावून स्कोपमधील वजाबाकी वापरावी. मेन्ससाठी डिफरन्शियल प्रोबच (दोन बिंदूंमधील फरक स्वतःच मोजणारा प्रोब) घ्यावा, स्कोपची अर्थिंगची पिन कापून काढू नये.

सिरियल, आय-टू-सी किंवा एसपीआय या चिपांमधील संवादपद्धतींवरील संवाद पाहायचा असेल, तर मोठ्या स्कोपऐवजी आठ चॅनेलचा साधा लॉजिक अॅनालायझर (डिजिटल सिग्नल नोंदवणारे यंत्र) आणि पल्सव्ह्यू हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे ठरते. सेकंदाला २४ दशलक्ष नमुने घेणाऱ्या अॅनालायझरवर ५-६ मेगाहर्ट्झपलीकडची घड्याळलहर भरवशाने वाचता येत नाही. तो फक्त शून्य आणि एक एवढेच दाखवतो, त्यामुळे पुलअप नसल्याने हळूहळू चढणारी आय-टू-सी ची कड त्यावर निर्दोष दिसू शकते. तेवढ्यासाठी प्रोब स्कोपलाच लावावा लागतो.