खोका रद्दीत देण्याआधी इस्त्री फिरवा

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा खोका रद्दीवाल्याकडे जातो, तेव्हा त्यावरचं आपलं नाव, पत्ता आणि कधीकधी मोबाइल नंबरही सोबत जातो. लेबल ओरबाडायला जावं तर निम्मं खोक्यालाच चिकटून राहतं, आणि नेमका नंबर तेवढा शाबूत!

मी आता असं करते:

१. लेबलवर नखाने जोरात, झरकन रेघ ओढायची. काळसर रेघ उमटली तर तो थर्मल कागद, म्हणजे उष्णतेने काळा पडणारा. दुकानातल्या गुळगुळीत पावतीचा असतो तसाच.

२. वर जुना सुती रुमाल ठेवून गरम इस्त्री काही सेकंद दाबायची. वाफ नको. अख्खं लेबल बारकोडसकट काळंठिक्कर पडतं. (पहिल्यांदा केलं तेव्हा गंमत म्हणून आणखी दोन खोके शोधून आणले होते.)

३. रेघ उमटली नाही, तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून सुरीच्या बोथट बाजूने खरवडायचं.

आतलं बिलही फाडा, पत्ता त्यावरही असतो.

प्लॅस्टिकच्या पिशवीला मात्र इस्त्री लावू नका, वितळून चिकटेल. तिथे कात्रीच बरी. आणि वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत लेबलला हात लावू नका.